डाव्याचा उजव्यात

इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला लेकीकडे येऊन मला तीन आठवडे झाले होते. नातू साडेतीन वर्षांचा. त्याला नुकतंच स्वतःच्या हाताने बूट घालायचं वेड लागलं होतं, आणि दर वेळी तो डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात घालायचा. नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा छापा पडतो. ह्याचे बूट एकदाही चुकून बरोबर पडले नाहीत. मी पायरीवर बसून ते काढायचे, बदलायचे, आणि आत जाऊन टोपी घेऊन येईपर्यंत ह्याने पुन्हा उलटे करून ठेवायचे.

एका सकाळी असाच पायरीवर बसलो होतो. तीन दिवसांच्या पिरपिरीनंतर ऊन पडलं होतं. कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा कुंड्यांशी काहीतरी करत होते. ऐंशी केव्हाच ओलांडलेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "टर्न्ड आउट नाइस अगेन." म्हणजे, पुन्हा छान उघडलं की! हवेवर बोलणं हा इथला रामराम, म्हणून मीही "हो हो, छान" म्हणालो. पण त्यांचा चेहरा किंचित पडला. मी काहीतरी हुकवलं होतं. मग त्यांची नजर पोराच्या पायांकडे गेली आणि ते हसले. म्हणाले, "माझ्या आजोबांनी ह्याला जॉन विली म्हटलं असतं."

पहिलं वाक्य मुलाचं होतं आणि दुसरं नाव बापाचं, हे मला पुढचे काही दिवस चहाच्या कपांवर कळत गेलं. दोघेही रंगमंचावर गाणारे विनोदवीर. बापाचं नाव जॉर्ज फॉर्मबी. मुलाचंही जॉर्ज फॉर्मबीच. आणि गंमत अशी की दोघांपैकी एकाचंही ते जन्माचं नाव नव्हे.

बाप जन्मला १८७५ साली, अ‍ॅश्टन-अंडर-लाइन या लँकेशरमधल्या गिरण्यांच्या गावात. जेम्स बूथ. आईबापाचं लग्न झालेलं नव्हतं, आई दारूत बुडालेली. रात्री घराबाहेर काढायच्या, दिवसा रस्त्यावर आणि गुत्त्यांतून गाणी म्हणून पेन्या जमवायच्या, असं बालपण. छातीचं दुखणं बहुधा तिथेच कुठेतरी लागलं. पुढे रंगभूमीसाठी नाव घ्यायची वेळ आली तेव्हा आडनाव त्याने रेल्वेच्या मालडब्यावर वाचलं म्हणे. डबा जिथे जायचा त्या गावाची पाटी होती, फॉर्मबी. आणि जॉर्ज घेतलं त्या काळचा लंडनचा गाजलेला विनोदवीर जॉर्ज रोबी याच्यावरून. आपल्याकडे आडनावाला गाव, कुलदैवत, देवक काय काय लागतं! ह्याने चालत्या डब्यावरून उचललं.

त्याने उभं केलेलं सोंग म्हणजे हा जॉन विली. विगन या कोळशाच्या गावचा भाबडा, मठ्ठ वाटणारा पोरगा. अंगाला न बसणारा कोट, डोक्यावर बोलर टोपी, हातात काठी आणि बूट उलट्या पायांत. चार्ली चॅप्लिनने चाल आणि काठी इथूनच उचलली असं सांगणारे आहेत. चालीपेक्षा मला आवडतो तो त्याचा विगनच्या 'पिअर'चा विनोद. पिअर म्हणजे समुद्रात लांबवर काढलेला, हवा खायचा धक्का. विगनला समुद्र नाही. कालव्यावर कोळसा उतरवायचा एक काळाकुट्ट ओटा होता. जॉन विली त्यालाच पिअर म्हणायचा आणि तिथल्या मजेच्या गोष्टी ऐटीत सांगायचा. आपल्या एखाद्या सोंगाड्याने लातूरच्या बंदराला भरती आली म्हणावं, तसं. गाव स्वतःवरच हसलं, आणि त्या ओट्याला पुढे ते नाव खरोखरच चिकटलं.

पण त्याची खरी ओळख म्हणजे खोकला. क्षय झाला होता. गाता गाता मध्येच उबळ यायची आणि लपवायची सोय नव्हती, म्हणून त्याने ती खेळातच घेतली. खोकून झालं की वाद्यवृंदाच्या प्रमुखाकडे वळून म्हणायचा, "आज खोकला झकास लागलाय." थिएटर हसून लोळायचं. विगनचा नाइटिंगेल हे त्याचं बिरुद होतं. गाता गळा म्हणावा तर हा असा.

मी ह्या हसणाऱ्या लोकांचा बराच विचार केला. तिकीट काढून आलेले हे खाणकामगार, गिरणीवाले. कोळशाची धूळ आणि कापसाची तूस त्यांच्याही छातीत. रात्री घरोघर तोच आवाज. त्यांना तो खोकला खोटा वाटत नसणार. आपल्याच घरातला आवाज दिव्यांच्या झगमगाटात उभा राहून विनोद करतोय, म्हणून ते हसत असावेत. ज्याला आपल्या घरातला खोकला ओळखू येतो त्यालाच असं हसता येत असेल. अर्थात ही माझी समजूत. शेजारच्या आजोबांचं म्हणणं साधं होतं: "तेव्हा सगळेच खोकायचे."

१९१३ साली पाचव्या जॉर्ज राजासमोर त्याचा खेळ झाला. पैसा आला, घोडे आले. आणि १९२१च्या फेब्रुवारीत, वयाच्या ४५व्या वर्षी, तो त्याच छातीच्या दुखण्याने गेला. त्या हिवाळ्यात, जाण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत, तो न्यूकॅसलला नाताळच्या खेळात उभा होता.

आता मुलाकडे यायचं. १९०४चा जन्म, विगनचा. तो जन्मला तेव्हा डोळ्यांवर पडदा होता, दिसत नव्हतं. काही महिन्यांनी मर्सी नदीवरच्या नावेत त्याला अशी सणसणीत शिंक आली, कुणी म्हणतं खोकला आला, की दृष्टी उघडली. ही कथा फॉर्मबी मंडळी स्वतःच सांगत. एकाच घरात बापाला खोकल्याने नेलं आणि पोराला त्यानेच डोळे दिले, ही जुळणी मला जरा जास्तच नीटनेटकी वाटते. पण विनोदवीरांच्या घरची गोष्ट, सोडून देऊ.

बापाने एक हट्ट धरला होता: पोराने आपला खेळ बघायचा नाही. बघितला तर करून बघेल, ही भीती. "घरात एक येडा पुरे." येडाच म्हणतो मी. शहाण्या माणसाने पत्करलेला येडेपणा आपल्याकडे ह्याच शब्दात मावतो. सातव्या वर्षी पोराला शाळेतून काढून घोड्यांच्या तबेल्यात धाडलं, मिडलहॅमला. लिहिता-वाचता येण्याआधीच शाळा संपली. दहाव्या वर्षी तो जॉकी म्हणून शर्यतीत उतरला. वजन पंचवीस किलोच्या आत. पुढे आयर्लंड, मग न्यूमार्केट. सगळी मिळून नऊ-दहा वर्षं घोड्यावर काढली आणि शर्यत एकही जिंकला नाही.

बाप गेला तेव्हा पोरगा सोळाचा होता. 'प्राप्ते तु षोडशे वर्षे' असं आपल्याकडे म्हणतात. सोळावं लागलं की पोराशी मित्रासारखं वागावं. त्याचंच घरगुती रूप म्हणजे, बापाची चप्पल पोराला यायला लागली की आवाज खाली आणावा. इथे चप्पल यायला लागली आणि बाप उठून गेला.

दिवस झाल्यावर, म्हणजे आपल्या भाषेत, आईने पोराचं मन रमावं म्हणून त्याला लंडनला नेलं. व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरात बसले, तर समोर रंगमंचावर कुणी टॉमी डिक्सन नावाचा विनोदवीर नवऱ्याचाच खेळ करतोय. तेच कपडे, तीच गाणी, तेच विनोद. वर जाहिरात, 'नवा जॉर्ज फॉर्मबी'. आई संतापली, पोरगा तिच्याहून संतापला. बापाची नक्कल करायचीच तर मी करीन!

पण करणार कशी? त्याने बापाला रंगमंचावर कधी बघितलंच नव्हतं. मग गाणी ध्वनिमुद्रिकांवरून शिकला आणि विनोद, चाल, बूट हे सगळं आईकडून. मी हे चित्र पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणतो. नुकती विधवा झालेली बाई पोराला शिकवतेय, तुझे वडील असे वळायचे, इथे थांबायचे, इथे खोकायचे.

आमचे अण्णा तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स बजावत गावोगाव फिरायचे आणि कुणाच्याही दारात शिरण्याआधी एका खास पद्धतीने घसा खाकरायचे. दोन लहान, एक लांब. ते गेल्यानंतर आठेक वर्षांनी मी एकदा बाहेरून आलो तर बायको पदर सावरत स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "मला वाटलं अण्णाच आले." मी खाकरलो होतो म्हणे. दोन लहान, एक लांब. मला पत्ताही नव्हता. आपल्याकडे ह्या गोष्टी न मागता येतात, अडगळीसारख्या. त्या पोराला मात्र बापाचं खोकणं तबकडी लावून शिकावं लागलं.

आणि ते काही केल्या बसेना. १९२१च्या मार्चमध्ये अर्ल्सटाउनला पहिला खेळ, आठवड्याला पाच पौंड. नाव लावलं जॉर्ज हॉय, आईच्या माहेरचं. वडिलांचं नाव बारीक अक्षरांत छापून यायला नको म्हणून. व्यवस्थापक मात्र हुशार, जाहिरातीत 'जॉर्ज फॉर्मबीचा मुलगा' आलंच. लोक बापाला बघायला यायचे आणि पोराला बघून हुर्यो करायचे. ब्लाइथ गावात तर शिट्ट्या मारून उतरवलं. तीन-तीन महिने काम नाही, खर्च आईच्या पदरचा. निरोगी छातीचा पोरगा खोटं खोकतोय, ह्यावर कोण हसणार?

उलटे बूट त्याच्या पायांतून काढले ते दोन गोष्टींनी. एक, युकुलेलीसारखं छोटंसं तंतुवाद्य. चेष्टेत लागलेल्या पैजेपायी बार्न्स्लीच्या थिएटरात त्याने ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं, असं सांगतात. दुसरी, बेरिल इंगम. लाकडी तळव्याचे बूट घालून ठेका धरायच्या नाचात बक्षिसं मिळवलेली अ‍ॅक्रिंग्टनची मुलगी. १९२४ला लग्न केलं आणि पहिल्यांदा नवऱ्याचे कपडे बदलले. जॉन विली बंद, आता काळा सूट, बो टाय, नीट भांग आणि हातात ते वाद्य. ह्या बाईबद्दल कुणी फारसं गोड बोलत नाही. १९३९च्या सुमाराला तो देशातला सगळ्यांत महागडा करमणूक करणारा झाला, तरी बायको त्याला दिवसाला पाच शिलिंग हातखर्चाला द्यायची. पण १९४६ला दक्षिण आफ्रिकेत त्यांनी गोऱ्यांपुरते खेळ करायला नकार दिला, काळ्या प्रेक्षकांसमोरही खेळ केले. तिथला पुढारी डॅनिअल मलान दम द्यायला फोनवर आला, तेव्हा त्याला सभ्य छापखान्यात न छापता येणारं उत्तर देणारी बेरिलच. एवढ्यावर मी तिला पाच शिलिंग माफ करतो.

सिनेमे आले. मोटारसायकलच्या शर्यतीचा, वायुदलाचा आणि १९३९ला एक जॉकीचासुद्धा. आयुष्यात एकही शर्यत न जिंकलेला माणूस अखेर पडद्यावर घोड्यावर बसला. १९४०च्या सिनेमात तर स्वप्नात हिटलरला ठोसा मारून आला. खिडक्या पुसणारा माणूस आतलं काय काय बघतो, ह्या त्याच्या गाण्यावर बीबीसीने नाक मुरडलं आणि देशाने ते पाठ केलं. महायुद्धात तो सैनिकांसाठी खंदकाजवळ जाऊनही गायला. आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला दात काढून तेच, टर्न्ड आउट नाइस अगेन.

लेकीच्या लॅपटॉपवर मी त्याचे तुकडे बघत बसलो. पडद्यावर होता लँकेशरचा भाबडा पोरगा, मठ्ठ वाटणारा, सगळ्यांनी टपल्या मारलेला आणि शेवटी जिंकणारा. अरे, हा तर जॉन विलीच! बूट तेवढे सरळ केलेत. बापाचं एक गाजलेलं गाणं होतं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहण्याचं. मुलाचं सर्वांत लाडकं गाणं, १९३७चं, रस्त्याच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला टेकून कुणाची तरी वाट बघण्याचं. ते लिहिलंही दुसऱ्यानेच. पण तबकडीवरून जे आलं नव्हतं, ते असं मागच्या दाराने येऊन बसलेलं दिसलं. माझ्या घशात अण्णा आले तसंच.

१९६०च्या नाताळच्या आदल्या दिवशी बेरिल गेली. दोन महिन्यांत ह्याने एका शिक्षिकेशी लग्न ठरवलं, गावभर चर्चा झाली आणि ६ मार्च १९६१ला, लग्नाआधीच, हृदयविकाराने तो गेला. मागे मृत्युपत्रावरून आई आणि वाग्दत्त वधू कोर्टात. तो भाग मी वाचला नाही. आमच्या अण्णांनी असली समन्स पुष्कळ बजावली.

लिव्हरपूलहून वॉरिंग्टनपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा दीड लाख माणसं उभी होती. शेजारचे आजोबा त्यांत होते, तरणेबांड. "पाऊस होता?" मी विचारलं. त्यांनी जरा वेळ घेतला. "आठवत नाही," म्हणाले, "पण सगळे एकमेकांना तेच वाक्य म्हणत होते." वॉरिंग्टनच्या स्मशानभूमीत बापाच्याच थडग्यात मुलाला ठेवलंय. घरापासून बसने जाता येतं. दोन बूथ, एका डब्यावरच्या पाटीखाली.

परवा लेकीने आम्हाला समुद्र दाखवायला न्यायचं काढलं, साउथपोर्टला. लिव्हरपूलला गाडी बदलली. नातू माझ्या मांडीवर झोपला, पाय बाकावर, बूट अर्थातच उलटे. मध्येच गाडी थांबली आणि खिडकीबाहेर पाटी आली, फॉर्मबी. मी एकदम सावरून बसलो. लहान, स्वच्छ स्टेशन. बादल्या आणि फावडी घेतलेली पोरं, एक ओला कुत्रा, वाळूच्या टेकड्यांकडे निघालेली माणसं. कोळशाचा डबा कुठेच नव्हता. फोटो काढावा म्हणून फोन शोधायला खिशात हात घातला, तर नातवाचा एक पाय हलला आणि सैल बूट गळून खाली पडला. तो उचलायला वाकलो, तेवढ्यात गाडी सुटली.

"आबा, समुद्र आला?" तो डोळे न उघडताच म्हणाला.

"अजून चार-पाच स्टेशनं," मी म्हणालो, आणि बूट होता तसाच उलट्या पायात चढवला.