आधी सॉकेट बघा, मग शोरूम

आज एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) चार्ज करायचा 15 अँपियरचा सॉकेट वितळलेला पाहिला. पिना काळ्या, प्लास्टिक फुगलेलं. दोष गाडीचा नाही. घरगुती सॉकेट इस्त्री-गिझरसाठी असतो, आणि इथे रात्रभर सलग 14-15 अँपियर ओढले जातात. 4 स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), 16 अँपियरचा इंडस्ट्रियल सॉकेट घ्या. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर सुरूच होत नाही, आणि लोक बॅटरीला शिव्या घालतात.

आता हिशोब. पेट्रोल लिटरला 104 रुपये धरलं, शहरात अ‍ॅव्हरेज 15, म्हणजे किलोमीटरला 7 रुपये. घरच्या मीटरवर युनिट 12 रुपयांना धरलं आणि एका युनिटात 6 किमी, तर 2 रुपये. वाचले 5. ईव्ही पेट्रोल गाडीपेक्षा 4 लाखांनी महाग असेल तर 80,000 किमीनंतर पैसे वसूल. महिन्याला 1,000 किमी फिरणाऱ्याला पावणेसात वर्षं लागतील, 2,000 वाल्याला त्याच्या निम्मी. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला 24 रुपयांनी चार्ज करणार असाल तर फायदा बराच आटतो.

आणखी एक. महिन्याला 160-170 युनिटं वाढली की घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. ईव्हीसाठी वेगळा मीटर घेतलेला बरा.

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला छोट्या बॅटरीची आणि मोटरची जोड असलेली गाडी? ट्रॅफिकमध्ये 22 चं अ‍ॅव्हरेज सहज मिळतं, कारण ब्रेकमधली ऊर्जा परत बॅटरीत जाते. एक्सप्रेसवेवर ब्रेकच कमी, त्यामुळे ती मजा नाही. अडीच लाख जास्त मोजले तर वसुलीला लाखाच्या वर किलोमीटर लागतात. पार्किंगमध्ये प्लग बसवताच येत नसेल, तरच मी तिचं नाव घेईन.