ज्योत नको, धूर नको: घराच्या वासावरची माझी नोंदवही

ज्योत नको आणि धूर नको, एवढा एकच नियम ठेवून घराचा वास सुधारायचा हा खटाटोप चालू आहे. मेणबत्तीशी माझं वैर नाही, पण बंद खोलीत काहीतरी जाळायचं आणि हवा ताजी झाली म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही. गेल्या काही महिन्यांत प्रकरण बरंच पुढे सरकलंय म्हणून ही सविस्तर नोंद. ज्यांना फक्त डिफ्यूझरच्या, म्हणजे सुगंधी तेल हवेत सोडणाऱ्या साधनाच्या, मिश्रणात रस आहे त्यांनी खुशाल उडी मारून तिथे जावं. मात्र आधीचा भाग न वाचता ओतलेलं तेल बहुधा वाया जातं, हे सांगून ठेवते.

आधी नाकाचं बोलू. या छंदात मोजमापाचं मुख्य साधन नाकच, आणि त्याच्याइतकं बेभरवशाचं साधन दुसरं नाही. खोलीत बसून राहिलं की काही मिनिटांत तिथला वास जाणवेनासा होतो. वास तिथेच असतो, आपण मात्र त्याची दखल घेणं थांबवतो. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे रिसेप्टर असतात. या रिसेप्टरांच्या जनुकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 साली नोबेल मिळालं. एवढी जय्यत तयारी असूनही ही यंत्रणा बदल टिपण्यात पटाईत, आणि कायम असलेली गोष्ट मोजण्यात अगदीच कच्ची. स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही तो यामुळेच. ‘आता वास येईनासा झाला’ म्हणून थेंब वाढवत नेणाऱ्यांच्या घरात पाहुणा दारातच शिंकतो, तोही यामुळेच.

म्हणून आता वहीत फक्त पहिल्या श्वासाची नोंद होते. बऱ्याच वेळानं बाहेरून यायचं, दार उघडायचं, तोंड मिटून एक श्वास घ्यायचा आणि विचार न करता जो शब्द सुचेल तो लिहायचा: कुबट, ओशट, साबणासारखा, काहीच नाही. दुसरा श्वास धरायचा नाही, कारण तोवर मन कारणं शोधायला लागतं. कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक ताजं होतं, हा समज हा छंद असलेल्या आपल्यातही बराच पसरलाय. चाचणीत मात्र कॉफी साध्या हवेपेक्षा सरस ठरलेली नाही. गच्चीत जाऊन उभं राहावं, फुकटात काम होतं.

आणि एक परकं नाक हवंच. माझ्यासाठी शेजारच्या काकू ते काम करतात. त्यांना आधी काहीही सांगायचं नाही, एवढंच पथ्य. लव्हेंडरची नवी बाटली मांडून मी खुशीत होते, तेव्हा काकू आत आल्या, चप्पल काढतानाच थांबल्या आणि म्हणाल्या, “काय गं, गावाला गेला होतात का? घर बंद असल्यासारखं वाटतंय.” लव्हेंडरबद्दल अवाक्षर नाही. त्या एका वाक्यावर पुढचे कितीतरी आठवडे गेले, आणि माझ्या मते आतापर्यंतची सगळ्यात मोठी प्रगती त्यातूनच झाली. वासावर वास चढवून काही होत नाही. आधीचा वास काढावाच लागतो.

बंद घरासारखा वास म्हणजे बहुतेक वेळा ओल. इथे नाकापेक्षा आर्द्रतामापक जास्त कामाचा. लहानसं यंत्र मिळतं, कपाटामागे, पलंगाखाली, कोपऱ्यात फिरवत राहायचं. घरातली सापेक्ष आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांत असावी असं सर्वसाधारणपणे सांगतात, 60 च्या वर ती सतत राहिली की बुरशीला रान मोकळं. माझ्याकडे खोलीच्या मध्यावर आकडा ठीक होता, भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या मागे मात्र चांगलाच चढलेला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, मागची भिंत पुसून कोरडी केली, आणि त्या कोपऱ्यातला कुबटपणा उतरला. काही भिजलंच तर 24 ते 48 तासांत ते खडखडीत वाळलं पाहिजे, त्यानंतर बुरशी धरायला लागते.

कपड्यांच्या आंबट, उबट वासाची गोष्ट वेगळी आहे. नीट न वाळलेल्या टॉवेलांतून जो दर्प येतो, त्यामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं 2012 साली जपानी संशोधकांनी दाखवलं. धुऊनही कापडात उरलेला घाम आणि त्वचेचा तेलकटपणा हे त्याचं खाद्य. त्यातून तो 4-मिथाइल-3-हेक्सेनोइक आम्ल तयार करतो, आणि तोच तो ओळखीचा वास. म्हणून सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर ओतत राहणं निरर्थक आहे. कापडाला सोसत असेल तर 60 अंशांच्या आसपास धुणं, आणि यंत्र थांबल्यावर कपडे आत पडू न देता लगेच वाळत घालणं, एवढं पुरतं. समोरून उघडणाऱ्या धुलाई यंत्राच्या दाराचं रबर एकदा बोटानं उलटून बघा. त्या घडीत काळपट चिकट थर सापडला तर सगळ्या घराच्या वासाचा निम्मा उलगडा तिथेच.

पाइपांकडे आपल्यातले फार कमी लोक बघतात. सिंकखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी कायम साठलेलं असतं. गटारातल्या वायूंना अडवणारं झाकण म्हणजे तेवढंच पाणी. कमी वापराच्या बाथरूममध्ये, जमिनीवरच्या जाळीखाली, ते पाणी गुपचूप आटून जातं आणि मग घरात अधूनमधून सडक्या अंड्यासारखा भपकारा येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या अब्ज भागांत काही भाग असला तरी नाक तो पकडतं. उलट प्रमाण फार वाढलं की हाच वायू नाक बधिर करतो, त्यामुळे ‘आता वास गेला’ हा दिलासा मानू नये. अशा जागी नियमितपणे तांब्याभर पाणी ओतायचं. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडायचं, तवंगामुळे बाष्पीभवन मंदावतं. पाणी भरूनही वास टिकला तर नळी फुटलीय किंवा जोड सुटलाय, सरळ प्लंबर बोलवावा.

बाकीचे उपाय भरभर. खाण्याचा सोडा आम्लाच्या वासावर चांगला, पण स्पर्श झाला तरच. गालिच्यावर भुरभुरून काही तासांनी व्हॅक्यूम केला तर उपयोग दिसतो, वाटीत घालून कोपऱ्यात ठेवला तर मन शांत होतं, इतकंच. मासळीचा वास ट्रायमिथाइलअमाइनचा, म्हणजे अल्कधर्मी. तिथे व्हिनेगर किंवा लिंबू, सोडा नव्हे. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ द्यायचे नाहीत, क्लोरीन वायू सुटतो. ॲक्टिव्हेटेड कोळसा माझ्या मर्जीतला: एका ग्रॅमच्या छिद्रांचा आतला पृष्ठभाग 500 ते 1500 चौरस मीटर भरतो आणि वासाचे रेणू तिथे चिकटून बसतात. पण त्याची जागा चपलांचं कपाट, प्रवासाची बॅग, फ्रीज. बैठकीच्या खोलीत चार पुरचुंड्या टांगून काही होत नाही. उन्हात ठेवून तो पुन्हा नवा होतो म्हणतात. ओल उडते हे खरं, अडकलेले बाकीचे रेणू बरेचसे तसेच राहतात.

झाडांवर माझा जीव आहे, पण हवा शुद्ध करण्याचं काम मी त्यांच्याकडून काढून घेतलंय. 1989 च्या नासाच्या ज्या प्रयोगाचा सगळीकडे हवाला दिला जातो, तो छोट्या हवाबंद पेट्यांतला होता. पुढे 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा खिडक्या-दारांतून आपोआप होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. समोरासमोरच्या दोन खिडक्या काही वेळ सताड उघडल्या की काम होतं. झाडं शोभेला राहोत.

आता डिफ्यूझर. घर ‘काहीच नाही’ या शब्दापर्यंत आणल्यावरच मी बाटली पुन्हा बाहेर काढली.

रीड डिफ्यूझर म्हणजे सुगंधी मिश्रणाच्या बाटलीत उभ्या काड्या, आणि त्यात सगळा खेळ केशाकर्षणाचा. वेताच्या काडीत लांबीभर सलग बारीक नळ्या असतात, त्यांतून द्रव वर चढतो आणि टोकाशी उडून जातो. बांबूला पेरं असतात, प्रत्येक पेराशी वाट अडते. म्हणून बांबूच्या शोभिवंत काड्या दिसायला कितीही छान असल्या तरी तेल वर खेचत नाहीत. काडीचं टोक भिंगाखाली धरलं तर वेताची छिद्रं स्पष्ट दिसतात. विकत घेताना तेवढी खात्री करा.

बेसबद्दल, म्हणजे सुगंधी तेल ज्यात मिसळायचं त्या द्रवाबद्दल, माझं मत आता पक्कं झालंय. बदामतेलासारखं स्थिर तेल वापरायची कृती सगळीकडे फिरते. ते उडतच नाही. काड्या तुंबतात, बाटली भरलेलीच राहते, आणि लोक म्हणतात ‘किती दिवस टिकतं बघा!’ पाण्यात तेल मिसळत नाही, त्यामुळे तो मार्गही बंद. डायप्रोपिलीन ग्लायकॉल चालतं, पण दाट असल्यामुळे हळू चढतं. त्याचाच पातळ भाऊबंद डीपीएम (डायप्रोपिलीन ग्लायकॉल मिथाइल ईथर) माझ्याकडे सगळ्यात नीट चालला: 100 ग्रॅम मिश्रणात 20 ते 25 ग्रॅम सुगंधी तेल, बाकी बेस. अरुंद गळ्याची बाटली, 3 मिलिमीटर जाडीच्या पाच-सहा काड्या. खोली लहान असेल तर तीनच. वास जास्त झाला तर तेल पातळ करत बसू नका, काड्या काढा. बाटलीखाली बशी हवीच, कारण ओघळलेलं मिश्रण लाकडाचं पॉलिश खाऊन टाकतं.

आणि आता सगळ्यात आवडता शोध: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. नाक फसवतं, काटा फसवत नाही. बाटली काड्यांसकट दर आठवड्याला एकाच दिवशी वजन करायची आणि किती ग्रॅम उतरले ते लिहायचं. पहिल्या आठवड्यात काड्या तेल पितात, ते तेल बाटली सोडून कुठे जात नाही, म्हणून पातळी झपकन खाली गेली तरी वजन तितकं उतरत नाही. पातळीकडे बघणारे इथे फसतात. पुढे वजन दर आठवड्याला कमी कमी उतरायला लागतं. मग काड्या उलट्या केल्या की पुन्हा थोडी उसळी येते. उलट्या करूनही काटा हलेना, तर काड्या तुंबल्या, नव्या घालायच्या. व्हॅनिलाच्या मिश्रणात हे लवकर होतं, कारण व्हॅनिलिन मुळात घन पदार्थ आहे, उडायला नाखूश आणि काडीत साचून राहणारा.

वजन उतरतंय पण वास बदलतोय, हा दुसरा प्रकार. संत्र्याच्या सालीच्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं आणि ते सगळ्यांच्या आधी निघून जातं. मग उरतो तो लवंगेचा युजेनॉल, वाळ्याच्या तेलाचे जड घटक, पॅचूली. सुरुवातीला ताजंतवानं असलेलं मिश्रण महिन्याभरात औषधी होतं ते त्यामुळे. लिंबूवर्गीय तेल जास्त ओतून हे सुटत नाही. मी आता लिंबूवर्गाचा वाटा थोडासाच ठेवते आणि ताजेपणाची जबाबदारी गवती चहाच्या सिट्रालवर टाकते. ते लिमोनीनपेक्षा सावकाश उडतं. वाळ्याचं तेल मात्र अगदी जपून, थेंबभर जास्त झालं की खोलीला ओल्या तळघराची कळा येते, आणि काकू पुन्हा गावाबद्दल विचारतात.

अल्ट्रासोनिक डिफ्यूझर मी माळ्यावर टाकला. त्यातली चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरून पाण्याचं धुकं करते. गंमत वाटते, पण जी आर्द्रता खाली आणायला एवढी मेहनत घेतली तीच तो पुन्हा वाढवतो. शिवाय पाणी जड असेल तर फर्निचरवर क्षारांची पांढरी पूड बसते.

दालचिनी, लवंग आणि संत्र्याच्या साली पाण्यात मंद उकळत ठेवायचा प्रकार माणसं यायच्या आधी तासभर मस्त, घर लगेच दरवळतं. मी विजेच्या स्लो कुकरमध्ये ठेवते, गॅसवर ठेवलं तर माझाच नियम मोडतो. भांडं कोरडं पडू द्यायचं नाही. हा वास दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही आणि टिकावा असंही नाही.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी टी ट्री तेलाच्या वाटेला जाऊ नये. मांजराच्या यकृतात असे पदार्थ निचरायची यंत्रणा अपुरी असते. पक्षी पाळणाऱ्यांनी तर सगळ्याच तेलांबाबत सावध राहावं. ओझोन सोडणारी ‘दुर्गंधीनाशक’ यंत्रं कोणी सुचवली तर साफ नाही म्हणा. ओझोन फुप्फुसांना घातक आहेच, वर लिमोनीनशी त्याची गाठ पडली की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. सुवासाची तेलं जुनी झाल्यावर हवेनं ऑक्सिडाइज होतात आणि त्वचेला खाज आणतात, म्हणून लहान गडद बाटल्या, काठोकाठ भरलेल्या, थंड जागी.

पुढची चाचणी कृत्रिम धाग्याच्या काड्यांची. एकाच मिश्रणाच्या दोन सारख्या बाटल्या, एकीत वेत, दुसरीत धागा, आणि काटा तोच. कोणाकडे जाड काड्यांचे साप्ताहिक वजनाचे आकडे असतील तर द्या. सोबत खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहायला विसरू नका, नाहीतर माझ्या आकड्यांशी ते ताडून बघता येणार नाहीत.