पहिले साठ टर्न आणि आबांचा एक प्रश्न

२०२० च्या मे महिन्यात एपिक गेम्स स्टोअरवर सिव्हिलायझेशन ६ हा कॉम्प्युटर गेम आठवडाभर फुकट होता. यात एकेका पाळीने, म्हणजे टर्नने, आपलं राज्य वाढवत न्यायचं असतं. धुळ्याचं कॉलेज बंद, मी साक्री तालुक्यात आमच्या गावी अडकलेली. फुकट म्हटल्यावर गेम नावावर करून घेतला. डाउनलोड मात्र मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड जीबीतून, घरच्यांचे फोन रात्री गोळा करून. गेम सुरू झाला तेव्हा पेरण्या आटोपत आल्या होत्या.

भारत निवडला. लेव्हल प्रिन्स, म्हणजे आपल्याला सूट नाही आणि कॉम्प्युटरलाही नाही. सुरुवातीला हातात दोनच गोष्टी असतात, एक सेटलर आणि एक वॉरियर. सेटलरने शहर वसवायचं, वॉरियरने ते राखायचं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं. लागोपाठ चार डाव मी साठाव्या टर्नच्या आतबाहेर घालवले.

पहिल्या डावात जागा शोधत सहा टर्न फिरले. डोंगराच्या कुशीत, बाजूला हरणं, दिसायला झकास जागा मिळाली. शहर वसवलं आणि लोकसंख्या दोनाच्या पुढे सरकेचना. दुसऱ्या डावात स्टोनहेंजच्या मागे लागले. हे वंडर, म्हणजे सगळ्या राज्यांत मिळून एकालाच बांधता येणारी वास्तू. १८० प्रॉडक्शन, म्हणजे शहराची बांधायची ताकद, लागते त्याला, आणि सुरुवातीच्या शहराची ऐपत टर्नला पाच-सहाची. तीस टर्न त्यात घातले आणि दुसऱ्याच कुणाचं तरी आधी पूर्ण झालं. (यूट्यूबवर पहिल्या चाळीस टर्नमध्ये वंडर बांधून दाखवणाऱ्यांनी किती डाव टाकून दिले तेही दाखवावं.) तिसऱ्या आणि चौथ्या डावात बार्बेरियन, म्हणजे कुठल्याच राज्याच्या नसलेल्या लुटारू टोळ्या, त्यांच्या घोडेस्वारांनी शेतं उद्ध्वस्त केली.

पाचवा डाव मी ओट्यावर बसून सुरू केला. लॅपटॉप तापतो म्हणून खाली लाकडी पाट, शेजारी आबा. त्यांना वाटलं मी नकाशा बघतेय. सांगितलं, "आबा, इथे गाव वसवायचंय." चष्मा सारखा करत त्यांनी एवढंच विचारलं, "पानी शे का तठे?"

आमचं गाव पांझरेकाठचं. इथे फड पद्धत होती. नदीवर बंधारा, त्याचा पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी पाटकरी फिरवणार, राखण जागल्या करणार. आबांनी तरुणपणी फडाचं पाणी धरलेलं आहे. त्यामुळे त्यांचा प्रश्न साहजिक होता. मी मात्र चार डाव खेळून तो एकदाही विचारला नव्हता.

गेममध्ये हे सगळं हाऊसिंग नावाच्या आकड्यात असतं. नदी किंवा तळ्याला लागून शहर वसवलं तर हाऊसिंग पाच, समुद्रकाठी तीन, कोरड्या जागी दोन. राजधानीला पॅलेसमुळे एक जास्त. लोकसंख्या या आकड्याच्या एक खाली आली की वाढ निम्म्यावर येते, बरोबरीला आली की पावावर. म्हणजे कोरड्या जागचं दुसरं शहर पहिल्या माणसापासूनच अर्ध्या वेगाने वाढतं. धान्य कितीही असलं तरी ही कपात चुकत नाही. माझी डोंगराच्या कुशीतली राजधानी तिथेच मेली होती. सेटलर निवडल्यावर टाईल, म्हणजे नकाशावरची घरं, रंगतात. गडद हिरवं म्हणजे गोडं पाणी, फिकं हिरवं म्हणजे समुद्रकाठ, राखाडी म्हणजे कोरडं. हे रंग मला सजावट वाटले होते!

यावेळी नदीकाठच्याच एका टेकडीवर पहिल्याच टर्नला शहर वसवलं. सपाट माळाऐवजी माळावरची टेकडी घेतली की शहराला एक प्रॉडक्शन जास्त मिळतं. तेव्हा एक म्हणजे खूप असतं.

आधी एक स्काऊट, म्हणजे टेहळ्या, काढला, मग स्लिंगर, म्हणजे गोफणवाला. नवव्या-दहाव्या टर्नला लाल रंगाचा बार्बेरियन स्काऊट आला, राजधानीपाशी घुटमळला, आणि त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटलं. आधीच्या डावांत मी त्याच्याकडे बघायचेही नाही. एकटा आहे, मारत नाही, करायचंय काय? आबा पानाची चंची सोडत म्हणाले, "याले मार पहिले. तो जाईसन सांगी."

अगदी तसंच असतं. ते उद्गारचिन्ह म्हणजे त्याने शहर पाहिलंय. तो आता बार्बेरियनांच्या तळावर परत जाणार, आणि पोचला की तिथून टोळी निघणार. तळाजवळ घोडे असतील तर घोडेस्वारच. त्याला तळावर पोचूच द्यायचं नाही. पण स्काऊट टर्नला तीन पावलं चालतो आणि वॉरियर दोन, पाठलाग करून तो हाती लागत नाही. मी मागे धावायचं सोडून वॉरियर त्याच्या परतीच्या वाटेवर, जंगल आणि नदीच्या मधल्या फटीत उभा केला. स्काऊट अडला. वॉरियरने दोनदा मारलं, थोडा जीव उरला, तेव्हा वॉरियरला थांबवून शेवटचा धोंडा गोफणवाल्याकडून घातला.

तो शेवटचा धोंडा मुद्दाम ठेवला होता. स्लिंगरने एखादं युनिट मारलं की आर्चरीचा युरेका मिळतो, म्हणजे त्या शोधाचा जवळजवळ अर्धा खर्च वाचतो. स्लिंगर शेजारच्याच टाईलवर मारू शकतो, आर्चर दोन टाईलवरून. दोन आर्चर आणि पुढे टेकडीवर वॉरियर असला की पहिली पन्नास टर्न झोप लागते. असे युरेका जवळपास प्रत्येक शोधाला आहेत. खनिजावर खाण काढली की चाकाचा, दुसरं राज्य भेटलं की लेखनाचा. पुढे मी शोध त्या हिशेबाने निवडू लागले.

मग आला सेटलर. इथे मी अजूनही चुकते. पहिला सेटलर ८० प्रॉडक्शनचा, पुढचा प्रत्येक ३० ने महाग, आणि तो निघाला की शहरातलं एक माणूस कमी होतं. त्यामुळे लोकसंख्या दोन झाल्याशिवाय तो पूर्णच होत नाही. माझा क्रम असा बसला: स्काऊट, स्लिंगर, सेटलर, पुन्हा स्लिंगर, बिल्डर, सेटलर. बिल्डर म्हणजे शेतं-खाणी करणारा कामगार, त्याला तीनच कामं करता येतात. ती तीन टाईल सुधारण्यात खर्च केली की क्राफ्ट्समनशिप या सामाजिक शोधाला युरेकासारखीच चालना मिळते. एकूण लोकसंख्या सहा झाली की अर्ली एम्पायरला. तिथे कॉलनायझेशनचं कार्ड, म्हणजे राज्याचं एक धोरण, मिळतं आणि सेटलर दीडपट वेगाने निघतात. म्हणून दुसरा सेटलर अर्धा बनवून ठेवला, कार्ड आल्यावर पूर्ण केला. त्याआधीची कार्डं साधीच, बार्बेरियन असेपर्यंत डिसिप्लिन, नंतर नाही.

दोन शहरांच्या मधे किमान तीन टाईल सुटाव्या लागतात. मी पूर्वी सहा-सात सोडायचे, ऐसपैस. आता चौथ्या टाईललाच गाव.

एक गोष्ट फार उशिरा कळली, ती म्हणजे डिस्ट्रिक्टची, म्हणजे शहराच्या शेजारी टाईलवर बांधायच्या खास विभागाची, किंमत. जसजसे शोध लागतात तसतशी ती वाढते, पण जागा धरली की त्या दिवसाच्या भावावर गोठते. बांधायला वेळ नसला तरी टाईलवर खुंट मारून ठेवायचा, काम नंतर. लोकसंख्या एक असताना पहिला डिस्ट्रिक्ट धरता येतो, चारला दुसरा, सातला तिसरा. डोंगराला लागून कॅम्पस, म्हणजे विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट, धरला आणि पुन्हा सेटलरकडे वळले.

बावन्नाव्या टर्नला माझी चार शहरं होती, तीन नदीवर, एक तळ्यावर. शत्रू कुणीच नाही, तळ दोन मोडलेले. त्याच सुमारास इरिगेशनचा शोध लागला आणि बिल्डरच्या यादीत एक नवं चित्र आलं. भारताला इथे बारव बांधता येते. एक धान्य, एक हाऊसिंग, शेजारी शेत असेल तर आणखी एक धान्य. टेकडीवर चालत नाही, आणि एका बारवेला लागून दुसरी नाही.

तळ्यावरच्या शहराशेजारी, दोन शेतांच्या मधे बारव बांधली आणि लॅपटॉप आबांकडे वळवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पायऱ्या कुठे आहेत म्हणून विचारलं. मी झूम केलं.