तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जवळजवळ’च का?

पूर्ण विलोम, म्हणजे उलट वाचल्या तरी त्याच राहणाऱ्या, मूळसंख्या असताना तुम्ही जवळजवळ विलोम, म्हणजे टोकांकडून समान अंतरावरच्या अंकांची नेमकी एक जोडी न जुळणाऱ्या, मूळसंख्यांच्या मागे का लागलात, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की एकदा नीट उत्तर लिहिणे भाग आहे. 2024 साली सापडलेली विक्रमी मर्सेन मूळसंख्या (दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणारी) द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, लिहिली तर ओळीने 13,62,79,841 वेळा 1 येतो; तिच्याहून सुबक विलोम मिळणार नाही, हे मला मान्य आहे. पण तिच्या या द्विमान अंकांची संख्या विषम आहे, हे विचारणारे पाहत नाहीत.

काही वर्षांपूर्वी मी सम लांबीच्या विलोम मूळसंख्या शोधणारा प्रोग्राम लिहिला. 11, म्हणजे 3, लगेच मिळाली. त्यानंतर आठ रात्री संगणक चालवूनही एकही मिळाली नाही. चूक असेल म्हणून मी तो पुन्हा लिहिला, आणि अखेर एका व्याख्यानात ‘अशा संख्या अतिशय विरळ असाव्यात’ असे सांगून बसलो. पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी उठली, तिने फळ्यावर 101101 लिहिले, टोकांकडून आत येत समोरासमोरचे 1 रेघांनी जोडले आणि म्हणाली, "सर, जोडीतली एक जागा दोनाच्या सम घाताची, दुसरी विषम घाताची. तीनने भागल्यावर एकीची बाकी 1, दुसरीची 2. प्रत्येक जोडीला तीनने भाग जातो, मग संख्येलाही जाणारच." म्हणजे विरळ नव्हे, 3 सोडून एकही नाही. मी तिचे नीट आभारही मानले नाहीत, आणि त्या आठ रात्रींपेक्षा हेच मला अधिक सलते.

त्या रात्री मी 100001, म्हणजे 33, कागदावर लिहून मधले एकेक शून्य बदलून पाहिले. 100101 म्हणजे 37 आणि 101001 म्हणजे 41: दोन्ही मूळ, आणि एकमेकींची उलट रूपे. नेमकी एकच जोडी बिघडली, म्हणजे तिच्यात एकीकडे 0 आणि दुसरीकडे 1 आला, की तीनने भाग जाऊच शकत नाही. सहा अंकी अशा विषम संख्या आठ; त्यांपैकी 37, 41, 47, 59 आणि 61 मूळ आहेत, तर 35, 49 आणि 55 पाच किंवा सातच्या तावडीत सापडतात.

‘जवळजवळ’ म्हणजे सदोष, असे मी पूर्वी म्हणत असे. ‘चिमा काय कामाची’मधला पहिला चि ऱ्हस्व आणि शेवटचा ची दीर्घ, हेही मला खटकत असे. आता वाटते की सम लांबीच्या संख्येला मूळ राहायचे तर हा बिघाड पत्करावाच लागतो. ही दुखावलेल्या मनाची समजूत आहे का, याला मी ठामपणे नाही म्हणू शकत नाही. पूर्ण विलोम मूळसंख्या अनंत आहेत की नाहीत, हेदेखील अजून सिद्ध झालेले नाही. माझ्या वहीत सध्या आठ अंकी संख्यांचे पान उघडे आहे.