पोर्तुगालने कापड विकत का घ्यावं?

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचं देशादेशांतल्या व्यापाराचं 1817 सालचं उदाहरण मला अजूनही जबरदस्त वाटतं, कारण त्यात पोर्तुगाल कापड आणि वाइन या दोन्ही बाबतीत इंग्लंडपेक्षा वरचढ आहे आणि तरी व्यापार केल्याने त्याचाही फायदाच होतो. आकडे बघा, वर्षभरात ठराविक कापड बनवायला इंग्लंडला 100 माणसं लागतात, पोर्तुगालला 90, आणि वाइनला इंग्लंडला 120 तर पोर्तुगालला फक्त 80. मग कोणीही म्हणणारच ना, की पोर्तुगालने सगळं घरीच करावं!

पण समजा एकास एक अदलाबदल झाली, तर पोर्तुगालला 80 माणसांच्या वाइनवर ते कापड मिळतं जे घरी करायला 90 माणसं लागली असती, म्हणजे 10 माणसं मोकळी, आणि तिकडे इंग्लंडने 100 माणसांचं कापड देऊन 120 ची वाइन घेतली, त्यांची 20 वाचली. कोणी कोणाला लुटलं नाही. एक गोष्ट करताना दुसरी किती सोडावी लागते, सगळा खेळ तिथे आहे.

हे अगदी हवेतलंही नाही, 1703 च्या मेथ्यूएन करारापासून पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात होती आणि बदल्यात इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचा बाजार खुला झाला.

मला खटकतं ते एवढंच, की हातमागावरचा विणकर लगेच द्राक्षमळ्यात कामाला लागेल हे या गणितात गृहीतच धरलंय. आयुष्य मागावर गेलेल्या माणसाला डोउरोच्या, म्हणजे पोर्तुगालमधल्या द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यातल्या, चढावर वेली छाटायला कोण शिकवणार, आणि तोवर त्याचं घर कसं चालणार?