घोडीची उडी सुधारताना: माझा अनुभव

माझी घोडी उडीला कधीच घाबरायची नाही, प्रॉब्लेम वेगळा होता. समोर जंप दिसला की सुसाट सुटायची, पार जवळ जाऊन उडायची आणि मग पुढचे पाय गुडघ्यातून दुमडायचेच नाहीत, लोंबकळत राहायचे, पाठ पण सपाट. नुसता पोल (अडथळ्यावरचा आडवा दांडा) पडला तर स्पर्धेत चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण, पण न पडणाऱ्या पक्क्या अडथळ्यात असा पाय अडकला तर घोडा स्वारासकट पालथा होऊ शकतो, म्हणून उंची वाढवणं बंद केलं.

आधी व्हेटकडून पाठ आणि पाय तपासून घेतले, सॅडल नीट बसतंय का तेही बघितलं. पाठ दुखत असली तरी घोडा असाच पळत सुटतो, तेव्हा हे न बघता ट्रेनिंग सुरू करणं मला पटत नाही.

मग जमिनीवरचे पोल. ट्रॉटसाठी (दुडक्या चालीसाठी) साधारण १.३ मीटर अंतरावर, तिच्या पावलाला जुळतील असे. त्यानंतर छोटा क्रॉस (फुलीसारखे दोन पोल लावलेला जंप) आणि त्याच्या अलीकडे २.७ मीटरवर जमिनीवर एक पोल, आणि खरा फरक इथूनच दिसायला लागला. त्या पोलमुळे उडायची जागा आपोआप ठरते, ती जंपच्या पोटात घुसूच शकत नाही, आणि जागा मिळाली की गुडघे वर यायला वेळ मिळतो. लगाम ओढून जे जमत नव्हतं ते एका पोलने केलं! उतरायच्या बाजूलाही तेवढ्याच अंतरावर एक पोल टाकला, तो बघायला ती मान खाली घ्यायची त्यामुळे पाठ गोल व्हायची आणि उतरल्यावर पळणंही कमी झालं.

पुढे ग्रिड, म्हणजे ठरावीक अंतरावर ओळीने लावलेले जंप. ट्रॉटमध्ये येऊन क्रॉस, ५.५ मीटरवर व्हर्टिकल (सरळ उभा जंप), तिथून ६.४ मीटरवर ऑक्सर (एकामागे एक दोन पोल असलेला रुंद जंप), पुढचा पोल मागच्यापेक्षा खाली ठेवलेला. दोन जंपच्या मधे एकेकच स्ट्राइड (कँटरची एक झेप). ही अंतरं ट्रॉटने येणाऱ्या छोट्या जंपची आहेत हां, कँटरने (ट्रॉटपेक्षा वेगवान, झेपांच्या चालीने) आलात तर वाढवावी लागतात, आणि सगळं एकदम लावायचं नाही, एकेक भाग जोडत जायचं. माझं काम फक्त सरळ ठेवायचं, आधीच पुढे झुकायचं नाही आणि उडताना हात मानेबरोबर पुढे सोडायचे. घोड्याला हवेत मोकळं सोडायची ही पद्धत इटलीच्या घोडदळातल्या फेडेरिको काप्रिली या अधिकाऱ्याने रुजवली, त्याआधी स्वार जंपवर मागे रेलायचे.

मला एकाने सुचवलेलं की उडताना पोल वर उचलून पायावर मारा, गुडघे लगेच वर घेईल. हे मी कधीच करणार नाही. एफईआयच्या (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत त्यावर बंदी आहेच, आणि दुखेल या भीतीने उडणारा घोडा आपल्यावर विश्वास तरी कसा ठेवणार?

जंपिंग आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, बाकी दिवस फ्लॅटवर्क (जंपशिवाय सपाटीवरचा सराव) आणि बाहेर मोकळं फिरवणं, कारण उतरताना पुढच्या पायांच्या टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांवर) खूप ताण येतो. छान उडी मिळाली की तिथेच थांबायचं, अजून एक करू म्हणायचं नाही.

आता ९० सेंटीमीटरचा ऑक्सर ती शांतपणे, गुडघे घट्ट दुमडून मारते. डावीकडून वळून आल्यावर मात्र अजून तिरकी सरकते, त्यासाठी सध्या जंपवर दोन पोल उलट्या व्हीसारखे टेकवून मधून काढतेय.