राहत्या घराची करसवलत

राहत्या घराच्या मालमत्ता करातील सवलतीचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा मंजूर होणारी रक्कम थेट करातूनच कमी होते, असा माझा गैरसमज होता. प्रत्यक्षात ती पुष्कळदा घराच्या करपात्र मूल्यातून वजा केली जाते, त्यामुळे कराचा दर 1.2 टक्के असेल, तर मूल्यातील 1,00,000 च्या सवलतीमुळे बिल केवळ 1,200 ने उतरते. तरीही दरवर्षी होणारी ही बचत सोडण्याजोगी नाही.

खरी कसोटी लागते ती हेच आपले मुख्य निवासस्थान आहे, हे सिद्ध करताना. ओळखपत्रावर जुनाच पत्ता असेल, तर अर्ज अडू शकतो. म्हणून मी आधी पत्ता बदलून घेतला आणि मगच खरेदीखताची प्रत जोडली. (विजेचे बिल अद्याप आधीच्या मालकाच्या नावावर येते, हे मला त्याच दिवशी उमगले.) त्या मालकाला सवलत मिळत होती म्हणून ती आपल्यालाही आपोआप मिळेल, असे गृहीत धरणे महागात पडते, कारण ती सहसा अर्जदाराच्या नावाने मंजूर होते आणि घराच्या विक्रीबरोबर संपुष्टात येते. मुदतीपूर्वी अर्ज देऊन पोच मात्र अवश्य घ्यावी. पुढे घर भाड्याने दिल्यास तसे कळवण्याची जबाबदारीही आपलीच असते, अन्यथा मागील कराची रक्कम दंडासह भरावी लागू शकते.